प्रकल्प नोंदी: लालबागच्या मसाला दुकानाची साइट, ब्लॉग पोस्ट वेगळी आणि लेख वेगळा

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार

दुकान लालबागमध्ये आहे, करी रोड स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. पुढे मिरची आणि खडा मसाला, मागे मसाला कांडायचं यंत्र, म्हणजे डंका. साइट काही वर्षांपूर्वी एका एजन्सीने करून दिली. 'ब्लॉग' नावाच्या विभागात त्यांनी भरपूर मजकूर टाकला आणि करार संपल्यावर तो तसाच राहिला. आता मजकूर मी बघणार आहे. छोट्या दुकानाची मराठी साइट सांभाळणाऱ्या इतरांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवते आहे.

आज नुसती मोजदाद केली. एक्सेलमध्ये चार रकाने: शीर्षक, तारीख, कोणासाठी लिहिलं, आज खरं आहे का. पहिले तीन भराभर झाले, चौथ्यातच दिवस गेला. 'ब्याडगीचे या आठवड्याचे दर', 'पाडव्यानिमित्त सवलत', 'दगडफुलाचे चमत्कारी फायदे', 'गणपतीत दुकानाच्या वेळा', 'घरचा मालवणी मसाला' असं सगळं तारखेच्या उतरत्या क्रमाने एकाखाली एक पडलेलं आहे. मालवणी मसाल्याचा मजकूर सर्वांत आधी टाकलेला, म्हणून तो सर्वांत शेवटच्या पानावर. संपून गेलेली सवलत मात्र पहिल्या पानावर मानाने बसली आहे.

साइट ज्यावर चालते त्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरचा यात काही दोष नाही. त्यात 'पोस्ट' म्हणजे तारखेने रचली जाणारी, वर्गवारी असलेली, फीडमध्ये (नव्या नोंदींच्या आपोआप पाठवल्या जाणाऱ्या यादीत) जाणारी नोंद. 'पेज' म्हणजे तारखेशी बांधलेलं नसलेलं, एकाच्या पोटात दुसरं ठेवता येणारं पान. एजन्सीने सगळंच 'पोस्ट'मध्ये घातलं.

१३ फेब्रुवारी

दुकानाचे मालक (त्यांना सगळे अण्णा म्हणतात) आणि त्यांच्या सूनबाई, ज्यांना मी वहिनी म्हणते, यांच्याबरोबर बसून ठरवलं. अण्णांचा पहिला प्रश्न सरळ होता: "ताई, मसाला कसा करायचा ते तुम्ही फुकट सांगणार, मग आपल्याकडे कोण येणार?"

मी मिशेलिनचं उदाहरण दिलं. टायर विकणाऱ्या या फ्रेंच कंपनीने १९०० साली मोटारवाल्यांसाठी एक मार्गदर्शिका छापून फुकट वाटली. गॅरेज कुठे, पेट्रोल कुठे, मुक्काम कुठे, हे त्यात होतं. माणसं गाडी जास्त चालवतील तर टायर झिजतील, हा हिशोब. अण्णा म्हणाले, "म्हणजे जो घरी मसाला करील तोच मिरची घेईल." या एका वाक्यावर कामाला परवानगी मिळाली.

मग खरा प्रश्न आला: काय पोस्ट, काय लेख? एजन्सीच्या जुन्या कागदात लिहिलं होतं की तीनशे शब्दांची ती पोस्ट आणि हजाराच्या वरचा तो लेख. मला हे पटत नाही. लांबीवरून ठरवलं की लिहिणारा पाणी घालून शब्द वाढवतो आणि वाचणाऱ्या बाईला चौथ्या परिच्छेदापर्यंत मिरचीचं नावही भेटत नाही.

आम्ही कसोटी ठेवली ती अशी: ही गोष्ट पुढच्या मे महिन्यातही खरी असेल का, आणि आपल्याला न ओळखणाऱ्या बाईलाही पुरी पडेल का? दोन्हीला 'हो' असेल तर लेख. एखाद्यालाही 'नाही' असेल तर पोस्ट. पोस्ट दुकानातलं कुणीतरी, त्या दिवशी, स्वतःच्या तोंडाने बोलतं. लेखाला तारखेचा आधार नसतो. तो कधीही, कुणीही उघडला तरी उत्तर देण्याची जबाबदारी त्याच्यावर असते. म्हणून त्याला विचारपूस लागते, तपासणी लागते आणि दुरुस्तीचं वेळापत्रक लागतं.

शीटमध्ये पाचवा रकाना आला: पोस्ट, लेख, दरपत्रक, काढून टाकणे.

२४ फेब्रुवारी

लेखाचे विषय शोधायला इंटरनेटवर न बसता गल्ल्याशेजारी स्टुलावर बसले. मसाल्याचा हंगाम आता कुठे सुरू होतोय, गर्दी मार्च-एप्रिलमध्ये वाढेल. तरी प्रश्न तेच तेच येतात. ऐकले तसे लिहून घेतले:

"रंग हवा, पण पोरांना तिखट लागत नाही, कुठली देऊ?"
"एक किलोला धणे किती घालायचे?"
"संकेश्वरी आणि ब्याडगी निम्मी-निम्मी चालेल ना?"
"बिया काढल्या की तिखट कमी होतं ना?"
"ओली तर नाही ना ही?"

शेवटच्या प्रश्नाला अण्णा तोंडाने उत्तर देत नाहीत. मूठभर मिरच्या उचलतात आणि बाईच्या कानाशी नेऊन दाबतात. कोरडी असेल तर कुरकुर वाजते, बिया आत खुळखुळतात. ओल असेल तर मिरची आवाज न करता वाकते आणि बोटांना किंचित चिकट लागते. मग ते देठ मोडून दाखवतात. कोरड्या मिरचीचा देठ टचकन तुटतो, ओल्याचा धागा लोंबतो.

हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. एजन्सीच्या मजकुरात 'उत्तम दर्जाची मिरची निवडावी' एवढंच होतं. मला या कामात सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच: दुकानाकडे खरं ज्ञान आहे, ते बोटांत आहे, आणि ते कागदावर आणायला कुणीतरी शेजारी बसावं लागतं.

५ मार्च

'काढून टाकणे' या रकान्याचं काम. हळद अमुक आजार बरा करते, दगडफूल तमुक आजारावर रामबाण, दालचिनीने मधुमेह जातो. असा मजकूर ज्या ज्या पानावर होता तो सगळा उतरवला.

अण्णांना वाईट वाटलं, कारण सर्चमधून येणारी बरीच माणसं याच पानांवर उतरत होती. पण हा मजकूर माल विकणाऱ्या दुकानाच्या साइटवर आहे. त्याला ब्लॉग म्हणा की लेख म्हणा, कायद्याच्या नजरेत तो जाहिरातीतला दावा ठरू शकतो. १९५४ चा औषधे व जादुई उपाय कायदा मधुमेह, कर्करोग अशा यादीतल्या आजारांवर उपाय असल्याच्या जाहिरातींना मनाई करतो. एफएसएसएआयचे (अन्नसुरक्षेचं काम बघणाऱ्या केंद्रीय संस्थेचे) २०१८ चे जाहिरात व दाव्यांविषयीचे नियम खाद्यपदार्थाने आजार बरा होतो असं सांगू देत नाहीत. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५३ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, कुणी गोळ्या बंद करून दालचिनी चघळत बसलं तर?

दगडफुलाचं पान ठेवलं, पण नव्याने लिहून. ते फूल नसून लायकेन आहे, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांची जोडी. झाडाच्या सालीवर, खडकावर वाढतं. नुसतं हुंगलं तर मातकट वास, तेलात परतल्यावर खरा सुवास सुटतो. माती आणि सालीचे कण असतात म्हणून निवडून घ्यावं. परिच्छेद तीनच आहेत, तरी तो लेख आहे. पुढच्या वर्षीही त्यातलं एक अक्षर बदलावं लागणार नाही.

१२ मार्च

मुख्य लेख हाती घेतला: 'मालवणी मसाल्यासाठी मिरची कशी निवडावी'.

साहित्य म्हणून अण्णांच्या वडिलांच्या वेळचं एक पत्रक मिळालं. त्याची फाइलही निघाली, पण ती श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमधली. उचलून साइटवर टाकली की नुसती चिन्हं दिसतात. कन्व्हर्टरमधून काढली तर जोडाक्षरं आणि रफार तपासण्यात तेवढाच वेळ जाणार होता, म्हणून युनिकोडमध्ये नव्याने टंकली.

मसुदा तिघांनी वाचला: अण्णांनी, डंक्यावरच्या मामांनी आणि कुडाळकडच्या, आता परळला राहणाऱ्या एका जुन्या गिऱ्हाईक काकूंनी. तिघांनी तीन गोष्टी अडवल्या.

मामा म्हणाले, "ब्याडगी तिखट नसते असं लिहू नका. कमी असते लिहा. नाहीतर कुणी नुसत्या ब्याडगीचा पोतंभर मसाला करेल आणि मला येऊन विचारेल."

अण्णांनी 'ब्याडगी' या एका नावाखाली डब्बी आणि कड्डी वेगळ्या करायला लावल्या. डब्बी आखूड आणि भरीव, कड्डी लांब आणि सडपातळ, दोन्ही सुरकुतलेल्या. शिवाय नावावर कुणीही काहीही विकतं, म्हणून ही मिरची कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावाच्या नावाची आहे आणि तिला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे घालायला सांगितलं.

काकूंचा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा. मसुद्यात मी एक किलो मिरचीला अर्धा किलो धणे लिहिले होते, कारण वहिनींकडे तेच प्रमाण आहे. काकू म्हणाल्या, "आमच्यात एवढे नाय घालत. पाव किलो. जास्त घातले तर माशाच्या कालवणाला धण्याचाच वास येतो."

इथे पोस्ट आणि लेख यांचे रस्ते अगदी स्पष्ट वेगळे होतात. पोस्टमध्ये वहिनी 'आमच्याकडे अर्धा किलो' म्हणतील तर ते पूर्ण आणि खरं आहे. ते त्यांच्या घरचं आहे. लेखाला एका घराचं प्रमाण सगळ्या कोकणाचं म्हणून सांगता येत नाही. म्हणून लेखात आता पाव ते अर्धा किलो असं आहे, मासळीकडे झुकणारं घर कमी घालतं, मटण-उसळीकडे झुकणारं जास्त, असं कारणासकट.

बियांचा प्रश्नही तपासून घेतला. तिखटपणा आणणारं कॅप्सेसिन मुख्यतः बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या आतल्या पांढऱ्या गाभ्यात असतं. बिया त्याला लागून असल्याने त्याही तिखट लागतात. तेव्हा नुसत्या बिया झटकून फार फरक पडत नाही, आतला पांढरट दोरही निघायला हवा. गल्ल्यावर वर्षानुवर्षं 'बिया काढा' एवढंच सांगितलं जात होतं. अण्णांनी एक मिरची उभी चिरून, दोर काढून, दोन्ही भाग चाखून बघितले आणि म्हणाले, "लिहा."

फोटोंना साडेचार हजार गेले. प्रत्येक मिरची वेगळी, पांढऱ्या कापडावर, शेजारी मापासाठी काडेपेटी. पहिल्या खेपेचे फोटो दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली काढले होते, त्यात संकेश्वरी आणि ब्याडगी एकाच रंगाच्या दिसत होत्या. रंगावरून निवड सांगणाऱ्या लेखाला ते निरुपयोगी. सकाळी फुटपाथवर, सावलीत पुन्हा काढले.

२० मार्च

लेख चढवला आणि लगेच अडकलो. वर्डप्रेस शीर्षकावरून पानाचा पत्ता (लिंक) तयार करतं. देवनागरीतलं प्रत्येक अक्षरचिन्ह, म्हणजे काना, वेलांटी, हलन्तसुद्धा, पत्त्यात टक्क्याची चिन्हं आणि आकडे मिळून नऊ जागा खातं. पत्त्याला जागा दोनशे. 'मालवणी-मसाल्यासाठी-मिरची' इथेच दोनशे भरतात. 'कशी निवडावी' बाहेर राहतं. मग मसुद्यात असलेला दुसरा लेख, 'मालवणी मसाल्यासाठी मिरची कशी वाळवावी', त्याचाही पत्ता तोच, फक्त शेवटी आकडा चिकटवून.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तर आणखी वाईट. सात-आठ ओळी टक्क्यांच्या. वहिनींच्या बहिणीने विचारलं, "हा व्हायरस आहे का गं?"

उपाय: पत्ता रोमन लिपीत, दोन-तीन शब्दांचा, शीर्षक आणि मजकूर मराठीतच. लेखांचे पत्ते 'लेख' या वेगळ्या फोल्डरखाली पेज म्हणून, त्यात साल-महिना नाही. पोस्टचे पत्ते साल-महिन्यासकट, कारण तिथे तारीख हीच माहिती आहे. जुन्या सगळ्या पत्त्यांवरून ३०१ रीडायरेक्ट लावले, म्हणजे जुना पत्ता उघडला की आपोआप नवं पान येतं. हे हाताने करण्यात आठवड्याची संध्याकाळ-संध्याकाळ गेली. नवीन साइट करणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकावं.

१ एप्रिल

पाडवा झाला. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. पोस्टचं काम वहिनींकडे दिलंय. त्यांना लिहायला वेळ नाही, म्हणून त्या व्हॉइस नोट पाठवतात, मी उतरवते.

पहिल्या दोन नोट मी नीटनेटक्या वाक्यांत बसवल्या. 'ग्राहकांसाठी नवीन हंगामातील मिरची उपलब्ध झाली आहे' वगैरे. दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅप यादीवर पाठवल्या, कुणी काही बोललं नाही. तिसरी जशीच्या तशी ठेवली:

"काल डब्बी आली बघा. रंग असा की हात लावला तर हाताला लागतोय. पण थोडी दमट आहे, मी खोटं नाही सांगणार. घ्यायची असेल तर दोन दिवस ऊन दाखवा, किंवा शुक्रवारपर्यंत थांबा, आम्ही गच्चीवर टाकतोय."

यावर फोन सुरू झाले. बहुतेकांनी शुक्रवारसाठी माल बाजूला ठेवायला सांगितला. पोस्टमध्ये माणूस ऐकू यायला हवा, आणि तो माणूस उद्या बदलणारी गोष्ट आज सांगत असायला हवा. हाच मजकूर लेखात टाकला असता तर शनिवारी तो खोटा झाला असता.

देठ काढायला बसणाऱ्या बायकांवर वहिनींनी एक लांबलचक नोट पाठवली. तोंडाला ओढणी, हाताला खोबरेल, दिवसभर मिरचीच्या खकाण्यात. उतरवल्यावर हजार शब्दांच्या वर गेली. ती पोस्टच ठेवली. ती वहिनींनी पाहिलेली, त्यांच्या शब्दांतली, त्या हंगामाची आहे. लांब झाली म्हणून तिचा लेख करून माझा तटस्थ आवाज घालणं म्हणजे तिचा जीव काढणं.

११ एप्रिल

दरांचा घोळ निस्तरला. कल्याणहून एका नेहमीच्या बाईंचा फोन आला नाही म्हणून वहिनींनीच केला. त्या म्हणाल्या, "तुमच्या साइटवर ब्याडगी केवढी महाग! आम्ही यंदा इथूनच घेतली." त्यांनी पाहिलं ते २०२३ च्या हंगामाचं दरपत्रक. तेव्हा मिरची चढलेली होती. यंदा भाव इतके पडलेत की आंध्रातल्या शेतकऱ्यांसाठी केंद्राला फेब्रुवारीत बाजार हस्तक्षेप योजनेखाली क्विंटलला ११,७८१ रुपये दर ठरवून द्यावा लागला. गुंटूरचं वारं वाशीच्या मसाला मार्केटातही लागतंच. आमच्या गल्ल्यावर माल स्वस्त आणि सर्चमध्ये मात्र दोन वर्षांपूर्वीचा महागडा दर पुढे.

दर हा पोस्टचा विषय नाही आणि लेखाचाही नाही, हे त्या दिवशी पक्कं झालं. 'आजचे दर' असं एकच पान केलं. वर तारीख आणि वेळ, खाली आठ-दहा ओळी. रोज सकाळी जुने आकडे पुसून नवे. संग्रह ठेवायचा नाही. दरांच्या जुन्या सगळ्या पोस्ट रीडायरेक्टने या पानावर आणल्या. मिरचीच्या लेखात एकही रुपया लिहिलेला नाही, फक्त या पानाचा दुवा आहे.

२३ एप्रिल

तारखांचं काम. सर्चच्या निकालात लेखाशेजारी तारीख दिसते आणि लोक ती बघतात. एका ओळखीच्या डिजिटलवाल्यांनी सुचवलं की दर महिन्याला लेखाची तारीख पुढे ढकलत राहा, ताजा दिसतो. मी नाही केलं. मजकुरात खरी भर नसताना तारीख नवी करू नका, असं गूगलचं स्वतःचंच सांगणं आहे, आणि गिऱ्हाइकाशी तो खोटेपणा आहे. अण्णा मागच्या वर्षीची मिरची नवी म्हणून देत नाहीत.

लेखावर आता दोन तारखा आहेत: प्रथम प्रकाशित आणि शेवटची दुरुस्ती. दुरुस्तीखाली काय बदललं ते एका ओळीत. पोस्टवर एकच तारीख, ठळक, शीर्षकाच्या वर.

आतल्या कोडमध्ये सर्चला मजकुराचा प्रकार सांगणारी खूण असते, तीही वेगळी लावली: लेखाला आर्टिकल, पोस्टला ब्लॉगपोस्टिंग. या खुणांच्या 'स्कीमा' नावाच्या रचनेत दुसरा हा पहिल्याचाच पोटप्रकार आहे आणि गूगल दोन्ही स्वीकारतं, त्यामुळे अमुक लावलं म्हणून वर चढेल अशी आशा ठेवू नका. मी लावलं ते पुढे मजकूर हलवताना कुठला कुठला ते ओळखता यावं म्हणून.

लेखाखाली नावंही आली: माहिती कोणाची, तपासलं कोणी. अण्णा आधी नको म्हणत होते. छापून दाखवल्यावर बराच वेळ बघत राहिले.

६ मे

सर्चवरून कोण येतं ते दाखवणाऱ्या गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये चित्र दिसायला लागलंय. वहिनींच्या पोस्टला पहिल्या दिवशी उसळी, तिसऱ्या दिवशी शांतता. येणारी माणसं व्हॉट्सअ‍ॅपवरून येतात. मिरचीच्या लेखाला पहिले काही आठवडे जवळजवळ कुणी नाही, मग हळूहळू चढ, आणि तो उतरत नाही. येणारी माणसं सर्चवरून, दुकानाचं नाव न टाकता. पुष्कळजण मराठी शब्द रोमन अक्षरांत टंकतात. म्हणून लेखाच्या वर्णनात एक ओळ रोमन मराठीत घातली.

ज्यांना महिन्याभरात निकाल हवा असतो त्यांनी हे मालकाला आधीच सांगून ठेवावं. एप्रिलच्या मध्यावर अण्णांनी विचारलं होतं, की एवढे पैसे घातलेला लेख कुणी वाचत नाही आणि सूनबाईंची फुकटची पोस्ट फोन आणते, मग लेख हवा कशाला? तेव्हा दाखवायला आकडा नव्हता. आता आहे.

२७ मे

काल पाऊस आला. मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनला दाखल होतो. काल २६ मे. हवामान विभागाच्या नोंदीत इतक्या लवकर कधी आला नव्हता. लोकलचे हाल, करी रोडला उतरणं मुश्कील. आणि अर्ध्या मुंबईची मिरची गच्चीवर.

वहिनींची नोट सकाळी सातलाच आली. ती पोस्ट नाश्त्याच्या आत चढली: भिजलेली मिरची डब्यात कोंबू नका, घरात चटईवर पंख्याखाली पसरा, काळे डाग किंवा बुरशीचा वास आलेली बाजूला काढून टाका, भाजून चालवून घेऊ नका. शेवटचं वाक्य मी आग्रहाने ठेवलं. ओल्या मिरचीवर येणाऱ्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं आणि ते घरच्या भाजण्याने जात नाही.

दुपारी लेख उघडला तर त्यात माझं वाक्य: 'जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ऊन मिळतं.' तिघांनी तपासलेला लेख, पण हे वाक्य कुणालाच खटकलं नव्हतं, कारण दरवर्षी ते खरं असतं. आता तिथे आहे: 'पहिल्या पावसाच्या आधी काम उरका, मेच्या मध्यानंतर आभाळाकडे लक्ष ठेवा.' सोबत 'ऊन नसेल तर' असा नवा भाग, त्यात पंखा, मंद आचेवर लोखंडी कढई, कांडपाआधी मिरची पुन्हा कुरकुरते का ते दाबून बघणं. सगळा कच्चा माल सकाळच्या पोस्टवर आलेल्या लोकांच्या प्रश्नांतून. दुरुस्तीची तारीख २७ मे.

काम असंच चालायला हवं असं मला आता वाटतं. पोस्ट लवकर जाऊन प्रश्न घेऊन येते, त्यातले टिकणारे लेखात जातात आणि पोस्ट तिच्या तारखेवर राहू द्यायची. उलट दिशेने, म्हणजे लेखाचे तुकडे पाडून पोस्ट करणं, एजन्सीने केलं होतं. ते तुकडे वाचताना कुणीच बोलत नसल्यासारखं वाटतं.

१८ ऑगस्ट

२७ तारखेला गणपती. लालबागमध्ये त्या दहा-अकरा दिवसांत टेम्पो आत येत नाही. वहिनींची पोस्ट: कुरियरच्या ऑर्डर शनिवार २३ पर्यंत, दुकान सकाळीच उघडं, कांडप बंद. ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी, ७ तारखेला ही सूचना पहिल्या पानावरून आपोआप उतरेल अशी सोय केली आहे.

एकाने सुचवलं की लालबागच्या राजाच्या इतिहासावर लेख टाका, या दिवसांत लाखो लोक शोधतात. १९३४ साली इथल्या कोळ्यांनी आणि बाजारातल्या विक्रेत्यांनी तो गणपती बसवायला सुरुवात केली, हे इथलं पोरही सांगेल, आणि ते वर्तमानपत्रांनी पुष्कळ चांगलं लिहिलेलं आहे. आमच्या दुकानाला त्यात भर घालण्यासारखं काही माहीत नाही. नाही म्हटलं. वहिनींनी मात्र पोस्टच्या शेवटी पूर्वी रांगेत उभ्या असलेल्यांना त्यांच्या सासूबाई पाणी द्यायच्या, ते दोन ओळीत सांगितलं. ते राहू दिलं.

१२ सप्टेंबर

सध्याची स्थिती. साइटवर 'ब्लॉग' हा एकच विभाग होता, तिथे आता तीन आहेत: 'दुकानातून' (पोस्ट), 'मसाल्याची माहिती' (लेख), 'आजचे दर'. जुन्यातलं निम्म्याहून जास्त काढलं किंवा वळवलं. लेख मोजकेच आहेत. एकेकाला दोन-तीन आठवडे लागतात, तपासणीतच जास्त. पोस्टला अर्धा तास.

न सुटलेलं: 'आजचे दर' भरायला दुकानात गर्दी असली की कुणी नसतं, आणि पानावर कालची तारीख राहते. चोवीस तासांत आकडे बदलले नाहीत तर पानावर 'दरासाठी फोन करा' असं आपोआप दिसावं, एवढं डेव्हलपरकडून करून घ्यायचं आहे. त्याने तीन हजार सांगितलेत.

पुढचा लेख गोड्या मसाल्याचा, दिवाळीआधी हवा. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला आहे, म्हणजे मसुदा महिनाअखेर. दगडफूल आणि नागकेशर किती परतायचं यावर पुण्याकडच्या आणि मुंबईच्या बायकांची मतं जुळत नाहीत असं आत्ताच दिसतंय. सदाशिव पेठेत माहेर असलेल्या एक गिऱ्हाईक बाई मसुदा वाचायला तयार झाल्या आहेत. गिरगावातलं कुणीतरी अजून शोधायचं आहे.